पॅरिसजवळ पाच महिने इंटर्नशिप, महिना ६७० युरो. भागेल का?

चांदूरची_पोर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एका खेड्यातली. नागपूरला एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पॅरिसच्या दक्षिणेला ऑर्से नावाचं गाव आहे, तिथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मार्च ते जुलै अशी इंटर्नशिप मिळाली आहे. पत्रात ताशी ४.३५ युरो आणि आठवड्याला ३५ तास असं लिहिलंय, म्हणजे महिन्याला साधारण ६७० युरो. घरी सांगितल्याबरोबर बाबांनी शंभरानं गुणलं. "सदुसष्ट हजार? मंग त तूच आम्हाले पैशे पाठोशीन!" दोन दिवस घरात हेच चाललं होतं. मग मी तिथली खोलीभाडी पाहिली आणि गप्प बसले.

घरी पाच एकर कोरडवाहू आहे. सोयाबीन यंदा पावसानं गेलं. कापूस घरात भरून ठेवलाय, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नंबर लागायचा आहे (लांब धाग्याला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० आहे, पण ओलावा बघून काय देतील ते खरं). तूर अजून वावरात उभी आहे. बाबा म्हणतात पीककर्जातून तिकीट काढू. मला ते पटत नाहीये, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

विचारायचं एवढंच, की ६७० मध्ये तिथं खरंच भागतं का, आणि घरून किती न्यावे लागतील? खोली माझी मलाच शोधायची आहे. मी शाकाहारी आहे, स्वयंपाक येतो.

मोर्शीचा_संत्रा

अभिनंदन वं बाई! मी नागपूरच्या मेट्रोत बसलो होतो त स्टेटस ठेवलं होतं, तू त डायरेक्ट पॅरिस. माहिती शून्य हाय माह्याजोळ, पण धागा वाचून राह्यलो.

बडनेरा_जंक्शन

अभिनंदन. पैशाआधी कागद विचारतो. नुसतं निवडीचं पत्र आलंय की 'काँव्हाँस्याँ द स्ताज' नावाचा करार आलाय? त्यावर तू, तुझं कॉलेज आणि प्रयोगशाळा अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि व्हिसाचं गाडं त्याच कागदावर चालतं. आपल्या विद्यापीठांत सहीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती वेळ लागतो ते तुला सांगायला नको. डिसेंबर चालू आहे. आजच विभागप्रमुखांना गाठ.

व्हिसासाठी मुंबईला जावं लागेल. विदर्भ एक्सप्रेसचं आरक्षण अपॉइंटमेंट मिळाल्या दिवशीच काढून टाक, लग्नसराईत मिळत नाही.

शिष्यवृत्तीचं म्हणशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदवीसाठी असते, इंटर्नशिपला नाही. फ्रेंच दूतावासाची 'चारपाक लॅब' मात्र नेमकी तुझ्यासारख्यांसाठी आहे, भारतातून फ्रेंच प्रयोगशाळेत थोड्या काळासाठी जाणाऱ्यांना. तिच्या अटी आणि तारखा तुझ्याशी जुळतात का ते त्यांच्या साईटवर बघून घे.

वऱ्हाडी_पॅरिसात

मी मूळचा दर्यापूरकडचा. आधी इंटर्न म्हणून आलो आणि मग इथंच नोकरीला लागलो. प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या ४.३५ चं. हा आकडा लॅबनं मेहरबानी म्हणून दिलेला नाही. फ्रान्समध्ये इंटर्नशिप दोन महिन्यांच्या वर गेली की मोबदला देणं कायद्यानं भाग आहे. त्याची किमान पातळी सरकार ठरवतं, आणि २०२५ मध्ये ती ताशी ४.३५ युरो होती. तुला किमान मिळतंय, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. सरकारी लॅब बहुतेक एवढंच देतात. पण तो पगार नाही हे बाबांना समजावून सांग. इथल्या साध्या नोकरीतलं किमान वेतन याच्या अडीच पटीच्या वर आहे. हे पैसे 'पोरगं उपाशी राहू नये' एवढ्यापुरते आहेत, आणि खोलीची निवड चुकली तर तेवढ्यालाही पुरत नाहीत.

म्हणून सगळा जोर खोलीवर लाव. बाकी कॉफी प्यावी की नाही, बस धरावी की चालावं, या सगळ्या बचती मिळून खोलीच्या एका निर्णयाएवढ्या होत नाहीत. पॅरिस शहरात राहायचा मोह सोड. जुन्या इमारतींच्या अगदी वरच्या मजल्यावर पूर्वी नोकरांसाठी काढलेल्या खोल्या असतात, बाहेरून येणाऱ्या पोरांना त्याच दाखवतात. भाड्यानं द्यायच्या खोलीला कायद्यानं निदान नऊ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सत्त्याण्णव चौरस फूट. आपल्याकडे कडब्याची खोली याहून मोठी असते. संडास बऱ्याचदा पॅसेजमध्ये, लिफ्ट पाचव्यापर्यंत आणि खोली सहाव्यावर. त्याचे सहाशे-सातशे मागतात.

आता इथली खरी गंमत ऐक. इथं अंतराला पैसे पडत नाहीत. 'नाविगो' नावाचा महिन्याचा पास आहे, २०२५ मध्ये ८८.८० युरो, दर जानेवारीत थोडा वाढतो. सप्टेंबर २०१५ पासून पाचही झोनला त्याची एकच किंमत आहे. एफेल टॉवरखाली राहणारा आणि चाळीस किलोमीटर बाहेर राहणारा तेवढेच पैसे भरतात. मेट्रो, लोकल, बस, ट्राम, विमानतळ, सगळं त्यात आलं. वरून त्यातले निदान निम्मे जिथं काम करतेस तिथून परत मिळतात, इंटर्नलासुद्धा. मागावे लागतात, आपणहून कोणी देत नाही. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचार.

तुझी लॅब आरईआर बी या लोकलच्या लाईनवर आहे. मग त्याच लाईनवरची उपनगरं बघ: आंतोनी, मासी, पालेझो, आणि ऑर्सेच्या पलीकडे बूर-सुर-इव्हेत, जिफ. कोणाच्या घरातली एक खोली किंवा तिघांचौघांत वाटून घेतलेला फ्लॅट साधारण ४५० ते ६०० मध्ये बसतो. रविवारी पॅरिस पाहायला जाशील तेव्हा गाडीत पाऊण तास लागेल, एवढंच.

दुसरं म्हणजे 'बाय मोबिलिते' हा शब्द घोकून ठेव. २०१८ च्या कायद्यानं आलेला हा भाडेकरार इंटर्न, विद्यार्थी अशा तात्पुरत्या लोकांसाठीच आहे. एक ते दहा महिन्यांचा असतो, खोली सामानासकट, आणि यात मालकाला डिपॉझिट घेताच येत नाही. साध्या सामानवाल्या कराराला तो दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागू शकतो. म्हणजे करार कोणता यावर तुझे हजार-बाराशे युरो ठरतात. हमीदार कोण, असं मालक विचारेलच. आपल्या बाबांची सही इथं कोणी मानत नाही. त्यासाठी 'व्हिझाल' आहे, तिशीच्या आतल्यांना ही संस्था फुकट हमी देते. व्हिसा हातात आला की ऑनलाईन अर्ज कर.

तिसरी जागा 'सिते युनिव्हर्सितेर'. शहराच्या दक्षिण टोकाला देशोदेशीच्या वसतिगृहांची वसाहत आहे आणि त्यात भारताचंही घर आहे, 'मेझों द लँद', १९६८ चं. स्टेशन त्याच बी लाईनवर. जागा थोड्या, मागणी फार, तरी अर्ज टाकच. सगळ्यात आधी मात्र लॅबच्या सेक्रेटरीबाईंना ईमेल कर, की फेब्रुवारीअखेर कोणता इंटर्न खोली सोडतोय का. या बायांना सगळं ठाऊक असतं.

आणि हे ठळक समज: व्हिडिओ कॉलवर खोली न दाखवता, करार न पाठवता कोणी पैसे मागितले की विषय संपला. 'मी सध्या लंडनला आहे, चावी कुरियरनं पाठवते, आधी एक महिन्याचं भाडं टाक', ही गोष्ट इथल्या प्रत्येक नव्या पोराला ऐकवली जाते. फोटो फार सुंदर आणि भाडं फार कमी असलं की समजायचं.

मोर्शीचा_संत्रा

कडब्याच्या खोलीत कडबा त असते. थ्या खोलीत काय मावते?

वऱ्हाडी_पॅरिसात

एक पलंग, एक बेसिन आणि आपण.

आबा_तिवसेकर

पोरी, तुह्या बाबाले माह्या नावानं सांग, पीककर्जाले हात लावू नोको म्हणा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं त बिनव्याजी पडते. मुदत हुकली की सवलत गेली, न पुढच्या खरिपाले सोसायटीवाला दारात उभं करत नाही. तुह्ये पैशे जुलैपर्यंत तिकडं गुतून राह्यतीन न पेरणी जूनमंधी. थ्या पैशावर पऱ्हाटी उभी राह्यते, विमान नाही.

आता महिनाभरात तूर निंघन. कापूस जाईन. तरी कमी पडले त माईच्या पाटल्या बँकेत ठेवाव, सोनेतारणाले हंगामाची कटकट नसते. सावकाराच्या दारी जाऊ नये, गावात कितीबी ओळखीचा असो.

भाऊसाहेब पंजाबराव पापळसारख्या गावातून ऑक्सफर्डले जाऊन शिकून आले, थेबी शंभर वर्षाआंधी. तुले जाच लागते. पण बापाचं वावर मोकळं ठेवून जाय.

चांदूरची_पोर

आबा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण सोसायटीत जायचं आज टाळलं.

वऱ्हाडी_पॅरिसात दादा, काय आणि किती आभार मानू. सेक्रेटरीबाईंना ईमेल टाकला. एक विचारू का? तिथं संध्याकाळी एखाद्या हॉटेलात काम करून वरचे पैसे काढता येतात का? कॉलेजातली एक मुलगी म्हणत होती.

वऱ्हाडी_पॅरिसात

ती मुभा विद्यार्थी व्हिसाला आहे, वर्षाला ९६४ तास. तुझा व्हिसा 'स्ताजिएर'चा, म्हणजे इंटर्नचा असेल. त्यात ते धरू नकोस. चोरून तर मुळीच नको. पाच महिन्यांसाठी पुढचे सगळे व्हिसे धोक्यात घालायचे नाहीत. आणि दिवसभर लॅबमध्ये काम करून रात्री भांडी घासलीस तर जुलैत प्राध्यापकांकडून शिफारसपत्र काय मिळणार? तू तिकडे त्या पत्रासाठी जातेयस, ते विसरू नकोस.

व्हिसा आला, पोचलीस, की तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाईन नोंदवायचा असतो. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

हिशेबी

मी बँकेत आहे, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. युरो शंभराचा धरतो.

महिन्याचा खर्च असा: खोली ५५०, पास निम्मा परत मिळून ४५, पोटाला २००, फोन १०, किरकोळ ५०. झाले ८५५. येणार ६७०. महिन्याला १८५ ची तूट, पाच महिन्यांत ९२५, म्हणजे साडेब्याण्णव हजार रुपये. जाण्यायेण्याचं तिकीट सत्तर हजार धरा. व्हिसा, विमा, मुंबईच्या फेऱ्या मिळून तीस. गादीवरची चादर, एक पातेलं वगैरे सुरुवातीचं सामान दहा. एकूण दोन लाखांच्या किंचित वर.

पण हातात तेवढे असून चालणार नाही. मोबदला महिना भरल्यावर येतो आणि भाडं महिना सुरू व्हायच्या आधी द्यावं लागतं. शिवाय पहिल्या महिन्यात पास पूर्ण पैशांनी काढायचा, बँक खातं उघडायचं. म्हणून ते पहिले ६७० खिशात असायलाच हवेत, नंतर ते मोकळे होतात. जाताना पावणेतीन लाखांची सोय असावी. त्यातले पाऊण लाख शेवटी परत येतील असं समजा.

सगळे एकाच कार्डात ठेवू नका. फॉरेक्स कार्ड, थोडी रोकड, आणि इथल्या खात्याचं परदेशात चालणारं डेबिट कार्ड, जाण्याआधी चालू करून घेतलेलं.

जवसाची_चटणी

हिशेबी यांच्या '२०० पोटाला' वर मला बोलायचंय, कारण सगळ्यांना पहिली कात्री तिथंच लावावीशी वाटते. मी ल्योंला सहा महिने होते. आमच्यातला एक जण मॅगी आणि पाव यावर राहायचा. वाचवलेल्या पैशातून दोनदा डॉक्टरकडे गेला. साध्या डॉक्टरची तपासणी आता तिथं ३० युरो आहे. दोनशेत नीट, पोटभर आणि आपलं जेवण होतं. फक्त भारतीय दुकानात सगळं घ्यायचं नाही.

सुपरमार्केटात 'लाँती कोराय' म्हणून जे मिळतं ती आपली मसूर डाळ. 'प्वा कासे' म्हणजे वाटाण्याची डाळ, त्याचं वरण चांगलं होतं. झुणक्यासाठी 'फारीन द प्वा शिश', हे चण्याचं पीठ. बारीक 'समूल' घेतलं की उपमा आणि शिरा. ताकाची आठवण आली तर अरब दुकानांत 'ले फेर्मांते' नावानं बाटलीत ताक मिळतं, साधं, बिनसाखरेचं. आणि माझ्या नावाला जागून सांगते, जवस तिथं भरपूर. लिनन कापडाच्या धाग्यासाठी पिकवायच्या जवसात फ्रान्स जगात पहिला आहे, नॉर्मंडीकडे निळ्या फुलांची वावरंच्या वावरं असतात. 'ग्रेन द लँ' मागायचं. भाजून, तिखट-मीठ-लसूण घालून कुटलं की झालं.

तुरीची डाळ, हिंग, मोहरी, ज्वारीचं पीठ यासाठी पॅरिसमध्ये ला शापेलला जा, गार द्यू नोर स्टेशनच्या मागे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची दुकानं आहेत. डाळ-तांदूळ मोठ्या पिशव्यांत घ्यायचे, महिन्यातून एकदा. तिथून जवळच बार्बेसला पुलाखाली बुधवारी आणि शनिवारी सकाळी भाजीबाजार भरतो. उठायच्या वेळेला, दीडच्या सुमाराला गेलं तर एक युरोत वांग्यांची नाहीतर टमाट्यांची अख्खी टोपली. घासाघीस करायला फ्रेंच लागत नाही.

घरून नेताना: लोणचं, सुकं तिखट, मेतकूट, कुरड्या, मूगवड्या, घरचं गहू-ज्वारीचं पीठ हे चालतं. साजूक तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईला हे सांगणं सगळ्यात अवघड जाईल. ताजा कढीपत्ता, मिरच्याही नाहीत.

दोन लिटरचा कुकर न्या. शेगडी इंडक्शनची असू शकते, म्हणून बुड चुंबकाला चिकटतं का ते घरीच बघा.

आणि ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजू नका! २०१५ पासून फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे. मिरचीच्या धुरानं तो कसा वाजतो आणि शेजारपाजारचे कसे बाहेर येतात हे मी पाहिलेलं आहे. मिरच्या थोड्या तेलात झाकण ठेवून परता, मग खलबत्ता.

मोर्शीचा_संत्रा

झाकण ठिवून केलेल्या ठेच्याले ठेचा म्हणनं म्हणजे आमच्याकडं गुन्हा हाय. पण परदेश हाय, चालवून घेतो.

सातपुड्यापार

मी नोकरीनिमित्त पॅरिसला राहून आलोय. दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. उरलेल्या अन्नाचं 'टू गुड टू गो' नावाचं ॲप आहे, संध्याकाळी बेकरीतला न विकलेला माल चार-पाच युरोत पिशवीभर मिळतो. शाकाहारी असाल तर बेकरीच निवडा, रेस्टॉरंटच्या पिशवीत काय निघेल सांगता येत नाही. दुसरं, विद्यार्थ्यांना फुकट किराणा वाटणाऱ्या संस्था आहेत. 'कोपँ' नावाची एक २०२० मध्ये विद्यार्थ्यांनीच काढली, पॅरिसमध्ये आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वाटप करतात. भाजी, पास्ता, डबे, साबण. विद्यार्थी असल्याचं कार्ड दाखवायचं, बाकी चौकशी फारशी नाही.

आबा_तिवसेकर

हे मले पटलं नाही. आपलं पोरगं सातासमुद्रापार जाऊन फुकटच्या किराण्याच्या रांगीत उभं राह्यते हे बापाले कळलं त काय वाटन? जमत नसन त जाऊ नये.

जवसाची_चटणी

आबा, तुमचा मान राखून बोलते. त्या रांगेत निम्मी फ्रेंच पोरं असतात, बापाची गाडी असलेलीसुद्धा. तिथं कोणी खाली मान घालून उभं नसतं. आपण सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेत ताटली घेऊन खिचडीच्या रांगेत बसलोच होतो की. तेव्हा कोणाच्या बापाची इज्जत गेली?

आबा_तिवसेकर

ते लेकरं होते. हे कमावते लोकं.

बडनेरा_जंक्शन

६७० ला कमावतं म्हणत असाल तर आबा, तुम्हीही बाबांसारखं शंभरानं गुणताय.

वऱ्हाडी_पॅरिसात

यात मी आबांच्या थोडा बाजूचा आहे, पण कारण वेगळं. ज्याच्याकडे दोन आठवड्यांचे पैसे उरलेत त्यानं त्या रांगेत जाऊ नये, कारण मागच्याच्या वाटचं कमी होतं. ज्याचे खरंच संपलेत त्यानं लाजून उपाशी बसू नये. मोबदल्याची फाईल अडकून पहिले पैसे उशिरा येणं इथं नवीन नाही. तेव्हा ही रांग आहे हे माहीत असावं. घरी फोन करून तूर कमी भावात विकायला लावण्यापेक्षा तो मार्ग बरा.

आबा_तिवसेकर

तुरीचं बोलला हे बरोबर बोलला. पण मन मानत नाही.

चांदूरची_पोर

आबा, जवसताई, दोघांचंही पटतंय. वेळ आली तर ठरवीन.

बातमी अशी की करारावर विभागप्रमुखांची सही झाली! कुलसचिव कार्यालयाची राहिली आहे. आणि सेक्रेटरीबाईंचं उत्तर आलं. पालेझोला एका निवृत्त बाईंच्या घरात वरची खोली आहे, स्वयंपाकघर सामायिक, ४८०. सध्याचा ब्राझीलचा मुलगा २७ फेब्रुवारीला सोडतोय. उद्या व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहेत. त्यांना काय काय विचारू?

वऱ्हाडी_पॅरिसात

ब्राझीलच्या मुलाचा नंबर आधी माग आणि त्याच्याशी वेगळं बोल. बाईंना विचार: वीज, पाणी, इंटरनेट ४८० मध्येच का? हीटर किती वाजेपर्यंत? मार्चमध्ये थंडी चांगलीच असते. फोडणी चालते का, हे लाजू नकोस, स्पष्ट विचार. सामायिक स्वयंपाकघरात भांडणं तिथूनच सुरू होतात. करार बाय मोबिलिते करणार का? आणि त्या पत्त्यावर राहत असल्याचं पत्र देतील का? बँक खात्यासाठी ते लागतं आणि मोबदला खात्यावरच जमा होतो. ते पत्र देत नसतील तर खोली कितीही चांगली असो, घेऊ नकोस.

सातपुड्यापार

कोटाची काळजी नको. नागपूरहून जाडजूड नवीन घेऊन जाऊ नका. तिथं एमाउस नावाच्या संस्थेच्या दुकानांत वापरलेले लोकरी कोट दहा-पंधरा युरोत मिळतात. सेल वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जूनअखेरपासून, त्यामुळे मार्चमध्ये नवीन महागच पडेल. प्लगचं म्हणाल तर आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथं बसतो, तीन पिनांचा नाही.

आणि फिरायला पैसे लागत नाहीत हेही लिहितो, नाहीतर सगळा धागा डाळ-तांदळाचाच होईल. पॅरिस महापालिकेच्या बहुतेक संग्रहालयांचे कायमचे विभाग सगळ्यांना फुकट आहेत, पेती पाले आणि कार्नाव्हाले तर पाहाच. ऑर्से संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट (ते शहरात आहे, तुमच्या लॅबच्या गावाशी त्याचा संबंध नाही). पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं चांगलं आहे.

ला शापेलच्या गणपती देवळाची रथयात्रा बघण्यासारखी असते, रस्त्यावर नारळांचे ढीग फोडतात. पण ती ऑगस्टअखेरीला, तोवर तुम्ही परत आलेल्या असाल.

चांदूरची_पोर

कॉल झाला. खोली साधी आहे, खिडकीतून चेरीचं झाड दिसतं. बाई बोलायला कडक, पण प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. वीज-पाणी त्यातच. करार बाय मोबिलितेचाच, त्यांनी आपणहून सांगितलं. फोडणीचं विचारलं तर म्हणाल्या, खिडकी उघडी ठेवायची आणि शुक्रवारी त्यांनाही वाढायचं. ब्राझीलचा मुलगा म्हणाला चांगल्या आहेत, फक्त रात्री दहानंतर मिक्सर नको.

काम सोमवारी २ मार्चला सुरू. शनिवारी २८ ला पोचू की रविवारी? शनिवारचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त दिसतंय.

वऱ्हाडी_पॅरिसात

रविवारी ये. महिन्याचा नाविगो १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चालतो, कुठल्याही दिवसापासून तीस दिवस असा नाही. आणि १ मार्च रविवारी आहे. शनिवारी उतरलीस तर विमानतळाहून यायचं वेगळं तिकीट काढावं लागेल, २०२५ मध्ये ते १३ युरो होतं. शिवाय एका रात्रीचा जास्तीचा मुक्काम, शनिवारी खोली तयार असेलच असं नाही. तुझे दोन हजार तिथंच गेले. रविवारी उतर, शार्ल द गोल विमानतळाच्या स्टेशनवरच्या खिडकीवर ५ युरोचं नाविगो देकूव्हेर्त कार्ड घे, त्यावर मार्चचा पास भर आणि बी लाईनची गाडी धर. तीच लाईन सरळ पालेझोला जाते, बदलावी लागत नाही. कार्डावर लावायला छोटा फोटो लागतो, घरूनच कापून आण. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा पहिल्या रात्रीचं जेवण पिशवीत हवं.

मोर्शीचा_संत्रा

दशम्या न जवसाची चटणी. ठरलं. तिकडं संत्रं भेटते का भाऊ?

वऱ्हाडी_पॅरिसात

स्पेनचं भेटते. सालीला चिकटून बसते, सोलता सोलता जीव जाते. त्या विषयावर वेगळा धागा काढ, इथं नको.

हिशेबी

खोली ४८० म्हणजे माझ्या हिशेबातले महिन्याला ७० वाचले, पाच महिन्यांत पस्तीस हजार रुपये. पावणेतीनऐवजी दोन लाख चाळीस हजारांची सोय पुरेल. त्याखाली जाऊ नका.

चांदूरची_पोर

आईनं पाटल्या काढून ठेवल्यात, पण बाबा म्हणतात आधी तूर येऊ दे, मग बघू. सीसीआयचा नंबर लागला आहे. बाईंनी कराराचा मसुदा पाठवलाय, चार पानं, सगळं फ्रेंचमध्ये. मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं, अर्धं कळलं. पहिल्या महिन्याचं भाडं सही झाल्यावर पाठवायला सांगितलंय.

वऱ्हाडी_पॅरिसात

सही अजून करू नकोस. मसुदा आहे तसा फ्रेंचमध्येच मला व्यक्तिगत निरोपात पाठव, नाव, पत्ता आणि खात्याचा नंबर झाकून. इथं उघड्या धाग्यावर टाकू नकोस. आज रात्री वाचून कळवतो. करार बाय मोबिलितेचा आहे असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि तू कशासाठी येतेयस, म्हणजे इंटर्नशिप, तेही त्यातच नमूद लागतं. ते नसेल तर बाईंना घालायला सांगू. पैसे त्यानंतर, आणि ते बाईंच्याच नावाच्या बँक खात्यावर.